कपाटातला मायक्रोस्कोप

आमच्या परळच्या शाळेत मायक्रोस्कोप एकच, आणि तो कपाटात. फुटला तर दुसरा कोण देणार, म्हणून परब बाई प्रॅक्टिकललाही तो काढायच्या नाहीत, फळ्यावर आकृती काढायच्या. दसऱ्याला मात्र सगळ्या उपकरणांसोबत तोही पूजेला टेबलावर यायचा. पुसायला बाई मलाच बोलवायच्या. मी चपला काढायचे, त्याला हळदकुंकू वाहायचे, झेंडूचा हार घालायचे आणि दुपारी पुन्हा कुलूप. बारावीनंतर एका नावाजलेल्या विज्ञान संस्थेची लेखी परीक्षा मी पास झाले. आमच्या शाळेतून तिथवर पोचलेली मी पहिलीच, म्हणून मुलाखतीच्या सकाळी बाई लालबागला आमच्या खोलीवर येऊन हातावर दही ठेवून गेल्या. मुलाखत घेणाऱ्या सरांनी कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड पुढे केली. “फोकस करून दाखव बघू.” समोर मायक्रोस्कोप होता. माझ्या चपला आपोआप निघाल्या. त्याचा एकेक भाग मला झोपेतही सांगता आला असता. डोळा लावला, तर आत माझ्याच पापण्या हलत होत्या. एक स्क्रू फिरवला, मग दुसरा, आणि नळी खाली येऊन स्लाइड कट्कन फुटली. सर रागावले नाहीत. काचा बाजूला करत त्यांनी हळूच विचारलं, “बाळा, याला आधी कधी हात तरी लावलायस का?” “हो सर,” मी म्हटलं. “दर दसऱ्याला.” टेबलाखाली मी पायांनी चपला चाचपू लागले.