चौतीस झाडांखाली

मिसेस गापिन्स्की चित्राच्या इतक्या जवळ गेल्या, की त्यांच्या चष्म्याच्या काचांत झाडं दिसू लागली.

"हा कॅझ आहे," त्या म्हणाल्या.

ते चित्र काढणारा लायल शेजारीच उभा होता. बिल्डरच्या कचेरीत बसून न बांधलेल्या इमारती बांधल्यासारख्या दाखवायच्या, हे त्याचं नऊ वर्षांचं काम. आज चर्चच्या तळघरात सुनावणी होती. बंद पडलेल्या शाळेच्या मैदानावर सहा मजली इमारत यायची होती, आणि मैदानातलं ऐंशी वर्षांचं मेपलचं झाड पाडायचं की ठेवायचं, हे समिती ठरवणार होती. शुक्रवार होता, म्हणजे चर्चमधल्या माशांच्या जेवणाचा दिवस. पलीकडच्या स्वयंपाकघरात मासे तळायला तेल तापत होतं. पाच वाजता जेवणाची रांग लागायची, त्यामुळे समितीचा निसर्गावर जीव होता तो पावणेपाचपर्यंतच.

"कोण कॅझ?" लायलने विचारलं.

"माझा नवरा. मार्चमध्ये गेला."

लायलने पाहिलं. हिरवळीवर दगडी बाक, बाकावर एक म्हातारा, मांडीवर टोपी. मग त्याला आठवलं. सप्टेंबरात तो जागेचे फोटो काढायला गेला, तेव्हा हा म्हातारा रंगाच्या पालथ्या डब्यावर, मेपलच्या खोडाला टेकून, डोळे मिटून बसला होता. चित्रात घालायला माणसांचे तयार फोटो विकत मिळतात, पण ती माणसं सगळी तिशीतली, सडपातळ, हातात कॉफी. कुणाचा गुडघा म्हणून दुखत नाही. महापालिकेने कळवलं, सगळ्या वयांची माणसं दाखवा. म्हणून लायलने हा म्हातारा आपल्या फोटोतून फुकटात उचलला. डबा काढून त्याला बाक दिला. मेपल पुसलं, कारण खाली गाड्यांसाठी तळघर येणार होतं आणि एवढ्या मुळांना तिथे जागा नव्हती. मग महापालिकेने कळवलं, हिरवाई वाढवा. लायलने वाढवली. अकरा झाडांची चौतीस झाली, कपातली कॉफी गार व्हायच्या आत.

"मॅडम, तुमचा काही गैरसमज..."

"अरे, ही टोपी मी दोनदा कचऱ्यात टाकली होती. दोन्ही वेळा हा जाऊन घेऊन आला. गैरसमज कसला?"

नऊ वर्षांत लायलने रस्त्यावरून, बसथांब्यांवरून, बाजारातून किती माणसं अशी उचलली होती, याचा त्याने कधी विचार केला नव्हता. आता तो करायचा नाही, म्हणून त्याने हातातल्या पेन्सिलीचं टोक नीट निरखलं.

नाव पुकारलं गेलं. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. मिसेस गापिन्स्कींनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला, पण तो उघडलाच नाही.

"ही चौतीस झाडं लावाल, तेव्हा केवढी असतील?"

"अंगठ्याएवढी जाड, मॅडम!" बिल्डर हॅलोरन उत्साहाने म्हणाला. "आणि प्रत्येकाला दोन वर्षांची हमी!"

"फ्रिजला पाच मिळते," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि चित्रात आहेत एवढी कधी होतील?"

हॅलोरनने लायलकडे पाहिलं.

"चाळीस वर्षांनी," लायल म्हणाला. "जगली तर."

"म्हणजे हे चित्र चाळीस वर्षांनंतरचं."

"तसं म्हणता येईल."

"मग कॅझ तिथे काय करतोय?"

दोघंचौघं हसली. मग पुढच्या रांगेतल्या एकाने चित्राकडे नीट पाहिलं, शेजाऱ्याला कोपर मारलं, आणि हसू विझलं. त्या गल्लीत कॅझला न ओळखणारं कुणी नव्हतं.

"ते मेपल आजच एवढं आहे," मिसेस गापिन्स्की म्हणाल्या. "त्याच्यासाठी कुणाला चाळीस वर्षं थांबायला नको. इमारत बांधा की, मी कुठे नको म्हणते? फक्त बारा फूट सरकवा. तेवढं झाड ठेवा."

"बारा फूट म्हणजे अठरा फ्लॅट कमी, मॅडम," हॅलोरन खेदाने म्हणाला. खेद खराही असावा.

तीन मिनिटं संपल्याची घंटा वाजली. समितीने हात वर केले. चार विरुद्ध एक, मेपल जाणार. त्याच्या बदल्यात आणखी दोन रोपं लावावीत, अशी अट घालून समितीने हिरवाई छत्तीसवर नेली आणि स्वतःचं अभिनंदन केलं. पलीकडे पहिला मासा तेलात पडल्याचा आवाज आला. खुर्च्या सरकल्या.

हॅलोरन माणूस वाईट नव्हता. तो मुद्दाम मिसेस गापिन्स्कींजवळ आला.

"मॅडम, झालं ते आमच्या हातून अजाणता झालं. लायल सोमवारी त्यांना चित्रातून काढून टाकेल. अगदी पहिलं काम."

मिसेस गापिन्स्की कोटाची बाही शोधत होत्या. लायलने कोट धरला.

"नको, राहू दे त्याला," त्या म्हणाल्या. "ऊन बरं आहे तिथे."

मग त्या लायलकडे वळल्या आणि आवाज खाली आणून, नवऱ्याला चार दिवस परक्या घरी ठेवून निघाल्यासारखं म्हणाल्या, "फक्त त्याच्या पाठीशी काहीतरी दे, बाळा. टेकल्याशिवाय त्याला बसवत नाही. कंबर धरते."

त्या जिन्याकडे गेल्या. लायल चित्रासमोर राहिला. बाकाला पाठ नव्हती, ती त्यानेच दिली नव्हती. इतके महिने हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर होतं. म्हातारा मागे रेलला होता, मान टाकून, सगळा भार सोडून, अगदी निर्धास्त. मागे काहीच नव्हतं.