ब्रेक नसताना

गाडी पुन्हा बंद पडली आणि समीक्षाने स्टिअरिंगवर मूठ आपटली.

"तोडते का ते?" प्रफुल्ल ओरडला. "क्लच एकदम काऊन सोडते? अर्ध्यावर थांब. गाडी थरथरली की मंग रेस दे."

बोरगाव मेघेतल्या त्या गाळ्यात तीन सीट होत्या. प्रत्येकीसमोर भला मोठा पडदा, बाजूला गिअरचा दांडा, खाली तीन पेडल. रेसिंग सिम्युलेटरचं हे दुकान प्रफुल्लने वर्षभरापूर्वी टाकलं. स्वतःची कार त्याने त्याआधीच विकली होती. आता येणं-जाणं ऑटोने. पण हाताने गिअर टाकण्यात त्याच्या तोडीचा माणूस वर्ध्यात नाही, असं पोरं म्हणत. त्यालाही ते पटलेलं होतं.

समीक्षा पहिल्या दिवशी आली तेव्हा शेजारच्या सीटवरचा ऋतिक हसला होता. "ताई, तुमी ऑटोमॅटिक घ्या. पोरींले तेच बरं."

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "मले गिअरचीच शिकवा," ती प्रफुल्लला म्हणाली. "पुढच्या रविवारी स्पर्धा आहे ना तुमची?"

तेव्हापासून ती रोज दुपारी यायची. रोज तसाच घुश्शातला चेहरा. गिअर अडकला की दात-ओठ खायची, बरोबर पडला तरी कपाळावरची आठी जायची नाही. प्रफुल्ल रागावला की तीही उलट बोलायची. पैसे मात्र आधी मोजून ठेवायची.

आठव्या दिवशी हात बसला. वळणाआधी तिने चवड्याने ब्रेक दाबला, त्याच पायाच्या टाचेने रेस दिली, डाव्या पायाने क्लच. चौथ्यातून तिसरा गिअर लोण्यासारखा पडला.

"वा!" प्रफुल्ल म्हणाला. "ऋतिकची आता काही खैर नाई."

ती हसली नाही. "अन् ब्रेक गेले तर?"

"काऊन जातीन?"

"तापून जातात. मंग गाडी थांबतच नाई. ऋतिक म्हणे."

"मी कवा म्हटलं?" ऋतिकने मान वळवली. पण प्रफुल्लचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

"ज्याले येत नाई त्याची थांबत नाई," तो म्हणाला.

"कोणाचीच थांबत नाई. उगाच गोष्टी नका सांगू."

"उठ."

ती उठली. तो तिच्या जागी बसला. पडद्यावरच्या यादीत जाऊन त्याने ब्रेक निकामी केले.

"ऐंशीचा वेग घ्या," समीक्षा म्हणाली. "दोनशे मीटर. त्याच्या पुढे गेले त हरले."

प्रफुल्लचा हात गिअरवर क्षणभर थांबला. पण आता चार-पाच पोरं मागे गोळा झाली होती.

"मोबाइल लावते," ती म्हणाली. "तुमचे पाय नीट दिसले पाह्यजे. घरी पाहीन."

"लाव ना. चेहरा बी घे."

गाडी ऐंशीवर गेली. त्याने ब्रेक दाबून दाखवला. पेडल रिकामं खाली गेलं. मग क्लच, चौथा. इंजिन गुरगुरलं. क्लच, रेसचा झटका, तिसरा. वेग झपाट्याने उतरला. दुसरा. मग हँडब्रेक हळूहळू ओढत त्याने गाडी उभी केली.

पडद्यावर आकडा आला. एकशे बत्तीस मीटर.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. प्रफुल्लने खुर्ची वळवली. "आता बोल!"

"हा खेळ आहे. खऱ्या गाडीत नाई होत असं."

"काऊन नाई होत?" त्याचा आवाज चढला. "मी काय खेळात शिकलो? पंधरा वर्षं रस्त्यावर चालवली गाडी. बिनाब्रेकची दोनदा थांबवली आहे, घाटात!"

समीक्षाने मोबाइल उचलला आणि रेकॉर्डिंग बंद केलं.

"मंगळवारी कोर्टात तारीख आहे, दादा," ती म्हणाली. "जामच्या फाट्यावर तुमच्या गाडीखाली गेले ते लक्ष्मणराव माहे बाबा. अन् ब्रेक गेल्यावर दोनशे मीटरमंधी कोणीच गाडी थांबवू शकत नाई, हा जबाब तुमचा."