आधी बोटांनी

विश्रांतवाडीतल्या आमच्या अंगणात अब्बांच्या जुन्या फियाटवर मी पुन्हा वाकलो होतो. मागच्या रविवारीच स्पार्क प्लगचे भोक मोठे करून, नवे आटे पाडून मी आत बुश, म्हणजे आट्यांची छोटी धातूची नळी, बसवला होता. शेवटी प्लग मात्र अब्बांनी हट्टाने स्वतः लावला, आणि आटे पुन्हा गेले. आज तेच सारे नव्याने करता करता ऊन कलले होते. माझी चीडही आता दमली होती.

"अब्बा, प्लग आधी बोटांनी फिरवायचा, सरळ गेला तरच पाना लावायचा. हे तुम्हीच शिकवलंत ना मला? मग थेट पाना का लावता?"

"वा, उस्ताद! आपल्यासाठी चहा मागवू का?"

मी नवा प्लग त्यांच्या तळहातावर जवळजवळ आपटलाच. "मग लावून दाखवा. बोटांनी."

माझ्यावर रोखलेली नजर न हलवता त्यांनी मूठ मिटली. प्लग त्यांच्या बोटांमधून अलगद निसटला आणि खालच्या मऊ मातीत पडला.

"बघ आता," असे म्हणत अब्बांनी ती रिकामी मूठ, प्लग अजून आतच असल्यासारखी, जपून इंजिनाकडे नेली.