पाचशे तीनचा विरोध

"विरोध कुणाचा?" सभापतींनी विचारलं, आणि सभागृहात एकच हात वर झाला. जंगसुनचा.

वॉर्ड ऑफिसातली ही तिसरी सुनावणी. एकशे दोन नंबरची इमारत आणि महामार्ग यांच्यामध्ये आवाज अडवणारी बारा मीटर उंच भिंत बांधायची की नाही, एवढाच प्रश्न होता. इंचॉन बंदराकडे जाणारे कंटेनर रात्रंदिवस खिडक्यांच्या काचा वाजवत होते. एकोणसाठ घरांना भिंत हवी होती. एका घराला नको होती.

"पाचशे तीन, आज काय कारण?" कारकुनानं पेनाचं टोपण काढलं.

पहिल्या सुनावणीत तिनं सांगितलं होतं, भिंतीमुळे बाल्कनीतल्या मिरच्यांना ऊन मिळणार नाही. ऑफिसनं भिंत पारदर्शक करायचं कबूल केलं. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, पारदर्शक भिंतीवर पक्षी आपटून मरतील. ऑफिसनं भिंतीवर ठिपके चिकटवायचं ठरवलं आणि पक्ष्यांच्या वतीनं तिचे आभार मानले. आज ती म्हणाली, "वारा अडेल."

"अहो, हिला वारा खायचाय म्हणून आम्ही काय बहिरं व्हायचं?" सातव्या मजल्यावरची बाई कडाडली.

"वारा वरून जाईल," म्हणत कारकुनानं तेही लिहून घेतलं.

खरं कारण तिला सांगता येत नव्हतं. ते सव्वीस वर्षांचं होतं, नव्वद किलोचं होतं, आणि या घडीला घरी टीव्हीसमोर बसलं होतं. तिचा मुलगा इनहो बोलत नसे. आनंद झाला की उड्या मारी. दुःख झालं तरी उड्याच मारी. त्या उड्यांपायी मायलेकांनी दोन घरं सोडली होती. पहिल्या घरी खालचा माणूस झाडूच्या दांड्यानं छत ठोकायचा. दुसऱ्या घरी पोलीस आले. मग तिनं दलालाकडे महामार्गाला अगदी खेटून असलेलं घर मागितलं. असं गिऱ्हाईक त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं घरभर गाद्यांचे तीन थर अंथरले आणि बाकीचं ट्रकांवर सोपवलं. चार वर्षं झाली, कुणी दार वाजवलं नव्हतं. भिंत झाली की पुन्हा सामान बांधायचं, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

त्यातून खाली चारशे तीनमध्ये राहत होते प्यो. निवृत्त पोस्टमास्तर, रहिवासी संघाचे अध्यक्ष, भिंतीचे पुढारी. त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याला तक्रारी करकरून गावी धाडलं होतं. भाजीवाल्याच्या गाडीवरचा भोंगा बंद पाडला होता. सणाला वरच्यांनी खालच्यांकडे नाशपातीची पेटी न्यायची, आवाजाबद्दल सांभाळून घ्या म्हणायचं, ही रीत. जंगसुननं प्योंना कधी पेटी दिली नाही. पेटी दिली की कबुली दिली.

सभापती कंटाळले होते. त्यांनी निकाल दिला: शनिवारी दिवसभर मोजणी. चारशे तीनमध्ये मशीन ठेवायचं, खिडक्या उघड्या. अडुसष्ट डेसिबल भरले तर भिंत, नाही भरले तर विषय बंद.

मशीनला कान असतात, डोळे नसतात. पण मशीनशेजारी माणसं बसणार होती, आणि ती छताकडे बघणार होती.

शनिवारी इनहोला मावशीकडे न्यायचा बेत होता. इनहोनं बूट घातले नाहीत. त्यानं बूट घातले नाहीत की बेत संपला. तिनं दोनदा भाताची गुंडाळी, गिम्बाप, करून खाऊ घातला. दोनदा आंघोळ घातली. संध्याकाळी सातला टीव्हीवर हवामानाचा अंदाज लागे, आणि पाऊस सांगोत की ऊन, इनहोला त्याचा भयंकर आनंद होई. म्हणून तिनं पावणेसातलाच टीव्हीची वायर काढून कपाटात ठेवली.

पण सात वाजल्याचं इनहोला टीव्ही सांगत नव्हता. तो उठला, हसला, आणि त्यानं उडी मारली. मग दुसरी. कपाटातल्या वाट्या खणखणल्या.

जंगसुन अनवाणीच जिना उतरली. कुणी विचारण्याआधी आपणच माफी मागावी, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मशीनच्या वायरीमुळे चारशे तीनचं दार अर्धवट उघडं होतं. आत ऑफिसची दोन माणसं वर बघत होती. टेबलावर टांगलेला दिवा झुलत होता. प्यो खुर्चीत पेपर वाचत बसले होते.

"हे काय झालं?" एकानं विचारलं. "वरून आवाज आला."

जंगसुननं माफी मागायला तोंड उघडलं.

"ट्रक आहे," प्यो मान वर न करता म्हणाले.

"ट्रक? छतावर?"

"रोज सातला जातो. चार वर्षं झाली." त्यांनी पेपरचं पान उलटलं. "त्याच्याबद्दल आमची तक्रार नाही."