तळमजल्याची बाटली

"थेंबभरसुद्धा नाही," म्हणत सुचेताने ईराला नळापासून मागे ओढलं. "चूळसुद्धा उकळलेल्या पाण्याने भरायची."

"पण ते गरम आहे."

"मग थांब."

ईरा टूथब्रश तोंडात धरून थांबली. तिच्या मनगटावर सलाइनच्या सुईचा हिरवट डाग अजून होता. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "एवढे जुलाब पुन्हा झाले, तर हिच्या मूत्रपिंडांना झेपणार नाही. आधी घरचं पाणी तपासून घ्या." तेव्हापासून नळ नुसता ठिबकला तरी सुचेता धावत जाऊन तो घट्ट बंद करायची.

बंगळूरच्या मारतहळ्ळीतल्या त्या तीनमजली इमारतीत त्यांचं घर तळमजल्यावर होतं. पार्किंगखाली पाण्याची टाकी होती आणि टाकीला चिकटून गटार. आलं तर टाकीत कावेरीचं पाणी पडे, नाहीतर टँकरचं. पाणी बघायला स्वच्छ होतं. सुचेताला त्याचीच जास्त भीती वाटे.

"मॅडम, टँकरवाला आपला माणूस आहे," इमारतीचे सेक्रेटरी नागराज म्हणाले. "स्वल्प धीर धरा."

"मी धीर धरते, नागराज अण्णा. माझ्या पोरीचं पोट कोण धरणार?"

शेवटी पाणी तपासायला द्यायचं ठरलं. टाकी एकच, तेव्हा बाटलीही एकच, तळमजल्याच्या नळाची. पाणी खराब निघालं तर टाकी उपसायची, गटार खोदायचं आणि तोवर सगळ्यांनी बाहेरून कॅन आणायचे.

सुचेताच्या सासूबाई, विठाबाई, मेथी निवडत हे सगळं ऐकत होत्या.

"म्हणजे आपल्या घरचं पाणी नेणार, आणि पास की नापास ते सगळ्या बिल्डिंगीत वाचून दाखवणार?"

"आई, ते टाकीचं पाणी आहे. आपलं नाही."

"नळ आपल्या घरात आहे की. नाव आपलंच निघणार."

सुचेताने वाद घातला नाही. निपाणीच्या विठाबाईंच्या दारातून मीटर बघायला आलेला माणूससुद्धा गुळाचा खडा खाल्ल्याशिवाय जात नसे. त्यांच्याशी वाद घालून पुण्याची सून आजवर एकदाही जिंकली नव्हती.

प्रयोगशाळेच्या पवित्राने बंद बाटली आणून दिली. नळ थोडा वेळ वाहू द्यायचा, मग थेट भरायची, आत बोट लावायचं नाही. दुसऱ्या दिवशी सुचेता स्वतःच भरणार होती. पण पवित्रा ठरल्या वेळेच्या आधीच न्यायला आली आणि सुचेता ऑफिसच्या मीटिंगमध्ये अडकली. बाहेर पडल्या पडल्या तिने घरी फोन लावला.

"आई, बाटली?"

"दिली की. केव्हाच."

"आत हात नाही ना लागला?"

"अगं, साबणाने हात धुऊन, पदर खोचून भरली. ती पवित्रा म्हणाली, अज्जी, इतक्या नीट कुणी देत नाही."

सुचेताचा जीव भांड्यात पडला.

मग निकालाची वाट बघणं सुरू झालं. ईरा खोकली तरी सुचेता दचकायची. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायची.

निकाल नागराज अण्णांनी जिन्यातूनच ओरडून सांगितला. "क्लीन! एकदम क्लीन! पिऊ शकता!" गटार खोदायचं रद्द झालं. कॅन बंद झाले. तिसऱ्या मजल्यावरची शलाका कडेवर तान्हं बाळ घेऊन खाली आली आणि सुचेताचे हात धरून म्हणाली, "थँक गॉड. मला तर झोपच नव्हती गं."

"म्हणजे दोष पाण्याचा नव्हताच," सुचेताने नवऱ्याकडे रोखून पाहिलं. मल्हारने मान खाली घातली.

"एकदाच दिली होती पाणीपुरी. दोनच पुऱ्या."

"सहा, बाबा," ईरा म्हणाली.

घरात कितीतरी दिवसांनी हसू आलं.

भीती मात्र एकदम उठून गेली नाही. सुचेता पाणी उकळतच राहिली. मग आधी भाज्या नळाखाली धुवायला लागली. मग ईराचे दात. आणि एका संध्याकाळी खेळून घामाघूम झालेल्या ईराने पेला नळाखाली धरला आणि परवानगीसाठी आईकडे पाहिलं, तेव्हा सुचेताने मान हलवली. ईरा घटाघटा पाणी प्यायली. त्यानंतर उकळायचं पातेलं वरच्या फळीवर गेलं.

काही दिवसांनी, सकाळीच, नागराज अण्णा दारात आले. चेहरा उतरलेला.

"शलाकाच्या बाळाला अ‍ॅडमिट केलं, मॅडम. जुलाब थांबत नाहीत. शुद्ध हरपते आहे म्हणतात."

सुचेताने विचारलं, "पाणी?"

"छे! पाणी कसं असेल? रिपोर्ट आहे ना. दुधाची पावडर बदलली असेल." ते घाईघाईने रिक्षा बघायला गेले.

सुचेता आत वळली. ईरा आज शाळेची तयारी करत नव्हती. पाय पोटाशी घेऊन सोफ्यावर पडली होती. समोर पाण्याचा रिकामा पेला होता. सुचेताने तिच्या कपाळाला हात लावला, मग पोटाला. ईराने हात झटकला.

"आई," सुचेता म्हणाली, "पाणीच तर नसेल ना?"

विठाबाई उठून तिच्याशेजारी येऊन बसल्या. त्यांनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

"वेडी आहेस का? आपल्या घरचं पाणी सरकारदरबारी पास झालंय. घराची अब्रू मी अशी जाऊ देईन होय? परक्या माणसाला कुणी नळाचं तसलं पाणी देतं का? मी चांगलं खळखळून उकळलं, दुहेरी फडक्यातून गाळलं, गार केलं आणि मगच बाटली भरली."