डाल्याखाली

कोंबडा डाल्याखालूनच आरवला. स्लॅबवर बसलेल्या तिघांनीही ते ऐकलं, आणि पुष्पाबाईनं तोंडाला पदर लावला.

उजाडता उजाडता नदीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा बद्रीनाथनं झोपेतल्या आईला पाठीवर घेऊन शिडीनं वर आणलं होतं. मागून त्याच्या बायकोनं, तृप्तीनं, शेळी, ज्वारीचं पोतं आणि ताडपत्री वर दिली. त्या धांदलीत अंगणातलं बांबूचं डालं राहिलं. ते उचलायचं काम पुष्पाबाईचं. रात्री कोंबड्या त्याखाली कोंडायच्या, मुंगसाच्या भीतीनं वर भलामोठा दगड ठेवायचा आणि सकाळी तो आपल्याच हातानं काढायचा. त्या डाल्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. सुनेनं तर मुळीच नाही.

डालं अंगणाच्या कडेला, पत्र्याच्या पडवीजवळच्या ओट्यावर होतं. अंगणात कमरेएवढं पाणी, आणि ओट्यावरही आता पाणी चढू लागलं होतं.

"बद्री, जाय ना रे. दगड तेवढा ढकल. पुढचं त्या बघतील."

"माय, पाण्याला ओढ किती हाय, दिसून न्हाई राह्यली का तुला?" बद्रीनाथ फोन कानाला लावून बसला होता. "बोटवाले निघालेत म्हणं. शिर सलामत तो पगडी पचास. घेऊ मंग दुसऱ्या कोंबड्या."

"ज्याचं जळतं त्यालाच कळतं." पुष्पाबाईची नजर सुनेकडं वळली. "आन् हिला तं बरंच झालं. रोजची घाण काढायचा तरास मिटला."

माणसं चार खाटांच्या जागेत अडकली, तरी टोमणा मारायला जागा काढतातच. पुष्पाबाईच्या जिभेला तशीही सवय लागलेली होती. पण बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच ते कसंसं वाटलं, एवढं मात्र खरं.

फोनला रेंज मिळेना म्हणून बद्रीनाथ स्लॅबच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेला. तृप्तीनं पदर खोचला आणि ती शिडी उतरली.

पुष्पाबाईनं तिला पाहिलं. थांब म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात डाल्याखालून कलकलाट झाला, आणि ती गप्प राहिली.

तृप्ती भिंतीला धरून धरून ओट्यापर्यंत पोचली. दोन्ही हात लावून तिनं दगड लोटला. डालं कलंडलं. भिजलेल्या कोंबड्या फडफडत पत्र्यावर गेल्या, आणि तिथून एकेक करून स्लॅबवर.

"या गं बायांनो, या!" पुष्पाबाईला हसू आवरेना. कोंबडाही आला. सगळ्या आल्या. काळी तर थेट मांडीतच शिरली.

तेवढ्यात परसातली मातीची भिंत धाडकन बसली. मागचं सगळं पाणी एकदम अंगणात घुसलं. शिडी उचलली गेली आणि फिरत फिरत दाराबाहेर गेली. तृप्तीनं पडवीच्या खांबाला मिठी मारली. पाणी तिच्या छातीला लागलं होतं. पत्रे गंजलेले, तिचं वजन त्यांनी पेललं नसतं.

पुष्पाबाईच्या भोवती कोंबड्या पंख झाडत होत्या. तिनं मागितलं होतं ते सगळं तिला मिळालं होतं.

"तृप्ते!" ती ओरडली. मांडीतली काळी बाजूला पडली.

बद्रीनाथ धावत आला आणि कडेला उडी मारायलाच वाकला. पुष्पाबाईनं त्याचा शर्ट धरला. "पवता येतं का तुला? तू बी गेल्यावर तिला वर कोण घेईल?"

त्यानं शेळीचं दावं सोडून फेकलं. ते अर्ध्यातही पोचलं नाही. फोनवरचा माणूस अजून "येतोय, येतोय" म्हणत होता. तृप्तीची मान हळूहळू खांबाला टेकत चालली होती.

पुष्पाबाई उठली. "बद्री, तिकडं तोंड कर," ती म्हणाली.

लेकाला काही कळायच्या आत तिनं नेसूचं नऊवारी लुगडं फेडलं आणि ताडपत्री अंगाभोवती गुंडाळली. पोटच्या पोरासमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई ती. लुगड्याच्या एका टोकाला तिनं दावं बांधलं, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला आवळलं आणि दावं लेकाच्या हातात दिलं.

त्यानं फेकलेलं दावं दोनदा पाण्यात पडलं. तिसऱ्यांदा तृप्तीच्या खांद्यावर जाऊन पडलं.

"लुगडं वढून घे! कमरेला बांध!"

तिनं कसंबसं एका हातानं बांधलं, दातानं गाठ ओढली. पण खांब काही सोडेना.

"सोड आता!"

"सुटत न्हाई, आत्या. भेव वाटून राह्यलंय."

"मी हाय ना इकडं! सोड म्हणते ना, बाई माझी!"

बाई माझी. हे शब्द या घरात तृप्तीनं पहिल्यांदाच ऐकले. तिनं खांब सोडला.

पाण्यानं तिला एकदा खाली नेलं. लुगडं ताणलं तशी पुष्पाबाई गुडघ्यांवर आपटली, पण मागं रेलून राहिली. बद्रीनाथनं हात हात ओढत बायकोला भिंतीपाशी आणलं. खिडकीच्या गजांवर पाय देऊन ती अर्धी वर आली, आणि उरलेलं दोघांनी तिला ओढून घेतलं.

बोट आली नव्हती. कोंबड्या पोत्याशी ज्वारी टिपत होत्या, त्यांना कुणी हाकललं नाही.

तृप्ती उठून बसली. सासूच्या अंगावरची ताडपत्री तिला आता कुठं दिसली. ती शरमली आणि कमरेची ओली गाठ सोडायला लागली.

"घ्या आत्या, नेसा तुमचं."

पुष्पाबाईनं तिचा हात बाजूला केला. दुसरं टोक अजून तिच्याच कमरेला होतं.

"राहू दे गाठ," ती म्हणाली. "पाणी अजून चढून राह्यलंय."