खोका लहान पडला

"बाबा, सत्कार नको. मायं चुकलं."

बिरसीच्या बुद्धविहारासमोर सतरंज्या भरल्या होत्या, माइकवाला "हॅलो, हॅलो" करत होता, आणि साक्षी हे आत्ता सांगत होती. यादोरावांनी स्वतः घरोघर फिरून आमंत्रण दिलं होतं. बापच तो, फुगणारच.

"का चुकलं?"

साक्षीनं लॅपटॉप उघडला. पुण्यात ती डीएनएचे तुकडे कॉम्प्युटरवर मोकळे सोडायची आणि ते आपलेआप एकमेकांना धरून जाळं विणतात का, ते बघायची. जाळं टिकलं, तर त्याची मऊ जेली जखमेवर औषध धरून ठेवणार होती. टिकलं होतं. पेपरात तिचा फोटोही आला होता.

"कॉम्प्युटरात हे तुकडे एका खोक्यात सोडतो. तो लहानच घ्या लागते, मोठ्याले हिशोब लय दिवस चालते. तुकडा या भिंतीतून बाहेर गेला, का समोरच्या भिंतीतून आत येते. मी मोठा खोका लावून पाहिला. आज सकाळी निकाल आला. जाळं तुटलं, बाबा. लहान खोक्यात ते आपलीच शेपटी धरून होतं, म्हणून मजबूत दिसे."

यादोराव पडद्याकडे बघत राहिले. किती कळलं, कोण जाणे.

"कोनं पकडलं?"

"कोनीच नाही. मीच सरायले कळवलं, शोधनिबंध वापस घ्या म्हणून. आता डिग्री वर्षभर लांबते."

"मंग सांगतलं काऊन?"

"लोकं जखमेवर लावतील ना, बाबा."

तेवढ्यात सरपंच कवडूभाऊंनी शाल उलगडून तिचं नाव पुकारलं. उठले मात्र यादोराव. जन्मात कधी माइकला हात न लावलेला माणूस, त्यानं तो दोन्ही हातांनी धरला.

"मायी पोरगी चुकली. पेपरात आलं ते खरं नाही."

कुजबुज सुरू झाली. पुढं बसलेली मंदाबाई शेजारणीला म्हणाली, "बापच लेकीची इज्जत घालवून राहिला." कवडूभाऊ ओशाळून शालीची घडी घालू लागले.

"कोनालेच समजलं नसतं. सारे वाहवा करून राहिले होते," यादोराव म्हणाले. "तिनं सोताच चूक शोधली, अन् सोताच सांगतली."

मग ते सरपंचांकडे वळले.

"घडी कायले घालता, भाऊ? आता घाला तिले शाल."